दोरीच्या आतली पत्री

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं शिक्षण फौजेत. तिथे शिकलेलं मी अजून विसरलेलो नाही: बूट, बिछाना आणि आवार, ही तीन चोख असली की माणूस चोख. म्हणून पेन्शनीत निघाल्यावर कॅन्टोन्मेंटच्या मागच्या सरकारी बनात देखरेखीचं काम मिळालं, तेव्हा मी पहिली मागणी केली ती झाडूंची. साहेब म्हणाले, "जंगल में झाडू?" मी म्हटलं, "जी साब. जंगल का भी आवार होता है."

बन वेड्या बाभळीचं. दिल्लीवाले तिला विलायती कीकर म्हणतात. कुणीतरी कधीतरी लावलेलं, दर काही वर्षांनी फांद्या छाटलेलं, मधून पाऊलवाटा काढलेलं. एका अंगाला कॅन्टोन्मेंटची भिंत, दुसऱ्या अंगाला नवे फ्लॅट. त्या वर्षांत दिल्लीच्या कडेला जिकडे बघावं तिकडे परांच्या उभ्या होत्या. गुडगावच्या रस्त्यानं आठवड्यानं गेलं तरी ओळखीचं शेत सापडायचं नाही. फ्लॅटातली माणसं सकाळी पांढरे बूट घालून बनात चालायला येत. मला 'चौकीदार' म्हणत. मी ऐकायचोच नाही. 'सुपरवायजर साहब' म्हटलं की मान हलवायचो.

आणि काय सांगू, बन माझं आरशासारखं होतं! झाडाखाली पान नाही, गवताची काडी नाही. बुंध्यांना कमरेपर्यंत चुना, त्यावर गेरूचा पट्टा. एकदा एक कर्नलसाहेब चालताना थांबले, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "व्हेरी गुड." ते मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "घरातला माळा कधी झाडणार?"

उन्हाळ्याच्या शेवटी एक मुलगी आली. पाठीवर पिशवी, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात टेप. मला म्हणाली, "भैया, इधर का इनचार्ज कौन है?"

"मैं हूँ. और भैया मत बोलो."

"फिर क्या बोलूँ?" असं म्हणून ती तोंड वळवून स्वतःशीच मराठीत पुटपुटली, "कटकट्या दिसते बाप्पा म्हातारा."

मी म्हटलं, "कटकट्या आहेच. म्हातारा कोण?"

ती अशी काही हसली, की माझ्या अंगातला राग कुठे गेला ते कळलं नाही. अमरावतीकडची होती. मुनिरक्यात खोली घेऊन राहायची, मोठ्या कॉलेजात झाडापाल्याचा अभ्यास करायची. त्या दिवसापासून मी तिचा काकाजी.

"तुला करायचंय काय?" मी विचारलं.

"झाडांखाली काय काय उगवते ते मोजायचं आहे."

"काही उगवत नाही," मी छाती काढून सांगितलं. "मी उगवू देत नाही."

"तेच तर पाहायचं आहे, काकाजी."

मग तिनं सांगितलं ते ऐकून मला घाम फुटला. अर्ध्या बनात मी नेहमीसारखा झाडू मारायचा. उरलेल्या अर्ध्यात पावसाळा संपून थंडी लागेपर्यंत कुणी काही करायचं नाही. पान पडलं तर पडू द्यायचं. तिथे ती चौकटी आखणार, खुंट्या मारून दोऱ्या बांधणार आणि त्यांच्यात काय उगवतं, किती वाढतं, ते पंधरवड्याला येऊन बघणार. माझ्या बाजूलाही तशाच चौकटी, म्हणजे दोन्हींची तुलना. वरून परवानगी आणली होती. बोलायची सोयच नव्हती.

"म्हणजे माझ्या कामाची परीक्षा?" मी म्हटलं.

"कामाची नाही हो. झाडूची."

मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

पण ती एक गोष्ट बोलली होती, ती डोक्यातून जाईना. "काकाजी, पाऊस वर्षातून एकदाच येते. या चौकटींना कुणाचा हात लागला तर माझं वर्ष गेलं. आणि पुढच्या वर्षी हे बन असंच राहील, याचा भरवसा नाही." फ्लॅटांच्या बाजूनं रस्ता रुंद करायच्या खुणा तेव्हाच पडल्या होत्या. ते मला दिसत होतं. आखलेला रस्ता थांबलेला मी दिल्लीत कधी बघितला नाही.

तिनं चौकटी आखल्या तेव्हा चिठ्ठ्या काढून जागा ठरवल्या. एक इथे, एक तिथे, एक कुठेतरी काट्यात. मला ते बघवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती यायच्या आत मी सगळ्या खुंट्या उपटल्या, दोरी धरून सरळ रेषेत ठोकल्या, प्रत्येक चौकटीत सारखं अंतर. परेडला उभ्या केल्यासारख्या. ती आली, बघितलं आणि मटकन खाली बसली.

"हे काय केलं, काकाजी?"

"ड्रेसिंग. रांग सरळ केली."

"अहो, मुद्दाम वाकडंतिकडं केलं होतं! एकाच रेषेत मोजलं तर त्या रेषेपुरतंच कळते."

तिला सगळं पुन्हा करावं लागलं. नशीब, अजून काही मोजलेलं नव्हतं. आजही मला वाटतं, सरळ रेषेतच बरं दिसलं असतं. पण तिचं काम होतं, तिच्या मनासारखं झालं पाहिजे. एवढं मात्र मी हट्टानं केलं, की खुंट्या रंगवल्या. फाटकाचा केशरी रंग डब्यात उरला होता. "दिसल्या पाहिजेत. नाहीतर कुणीतरी तंगडी अडकून पडेल," मी म्हटलं. ती म्हणाली, "चलो, तेवढं चालते."

मग पाऊस झाला, आणि तिची बाजू उठली. मी रोज माझी बाजू झाडायचो आणि कुणी बघत नाही असं बघून तिच्या बाजूला एक फेरी मारायचो. ओल्या पाचोळ्यातून कोंब वर येत होते. दूर्वा आली, केना आला, टाकळा आला. कडेच्या उन्हात धोतरा आणि रुई. बोराची इवली रोपं. अडुळसा तर असा फुटला की जणू त्याला कुणी हाक मारली होती. माझ्या बाजूला नुसती बाभळीचीच पोरं डोकं काढायची, तीही मी उपटायचो.

एका रोपावरून आमचं वाजलं. मी म्हटलं माठ, ती म्हणाली आघाडा. मी म्हटलं, "मी शेतकऱ्याच्या घरात जन्मलो. मला शिकवतेस?" ती म्हणाली, "थांबू ना मग." मी रोज त्याला माठच म्हणत राहिलो. पुढे त्याला आघाड्याचाच लांब काटेरी तुरा आला. तेव्हा मी रुंद होणाऱ्या रस्त्याचा विषय काढला.

यायची त्या दिवशी दुपारी ती माझ्याबरोबर डबा खायची. घरी मी बायकोला एवढंच सांगितलं होतं, की एक आपल्याकडची पोरगी येते, एक भाकरी जास्त दे.

"काय करते तिथे?" बायकोनं विचारलं.

"मोजते."

"काय मोजते?"

"गवत."

"बोलायचं नसेल तर नका बोलू," ती म्हणाली आणि भाकरीबरोबर लोणच्याची फोड वाढवून दिली.

मी शेळ्यावाल्याला दम दिला होता. लाकडं गोळा करणाऱ्या बायांना सांगितलं होतं. पांढऱ्या बुटांच्या साहेबांना सुद्धा हात जोडून सांगितलं होतं, की दोरी के अंदर पाँव नहीं. घरी मात्र काही सांगितलं नव्हतं. बाहेर मी ऑर्डर देत असे. घरात ऑर्डर घ्यायची पद्धत होती.

हरतालिका आली. दिल्लीतल्या मराठी बायकांना त्या सणाचा एक घोर असे, तो म्हणजे पत्रीचा. सोळा प्रकारची पानं लागतात. कॅन्टोन्मेंटमधल्या आमच्या बायका दरवर्षी बस पकडून करोल बागेत जायच्या आणि सुकलेल्या दूर्वा नि अशोकाची पानं घेऊन परत यायच्या. जे पान मिळालं नाही, त्याच्या जागी अक्षता. बायको दरवर्षी पूजेला बसताना म्हणायची, "देवी म्हणत असेल, हिच्याकडे नुसतेच तांदूळ."

आदल्या दिवशी मी सकाळीच दफ्तरात गेलो होतो, नवे झाडू आणायला. दुपारी परत आलो, सवयीनं तिच्या बाजूला फेरी मारली आणि जागीच उभा राहिलो. चौकटींतल्या झाडांचे शेंडे गेले होते. आघाड्याचे तुरे नाहीत, दूर्वा कातरल्यासारख्या, बोराच्या रोपांना पान नाही. बाहेर, दोरीच्या पलीकडे, सगळं जसंच्या तसं. आधी मला शेळ्या वाटल्या. शेळ्यावाल्याला मी जे काही बोललो ते लिहिता येणार नाही. तो बिचारा म्हणाला, "ताऊ, बकरी रस्सी देख के चरती है क्या?"

तेही खरं होतं. एक खूर उमटलेला नव्हता.

डोकं धरून घरी गेलो. दारात बायकांच्या चपला. आत शेजारपाजारच्या चारपाच जणी, मध्ये परडी, आणि परडीत माझ्या डोळ्यांना ओळखीचं सगळं: आघाडा, दूर्वा, बोर, रुई, धोतरा. बायकोचा चेहरा असा उजळला होता, की लग्नाच्या दिवशीही मी तो तसा बघितला नव्हता.

"बोलला नाहीत ते कधी!" ती म्हणाली.

"काय?"

"एवढं राखून ठेवलंत ते. चौकटी करून, दोऱ्या बांधून. खुंट्यांना शेंदूर लावून. आम्ही आपल्या बघायला गेलो, काही मिळतं का, तर हे! कुत्र्याचा पाय नाही, माणसाचा पाय नाही. अगदी सोवळ्यातली पत्री."

एक बाई म्हणाली, "वहिनी, नशीब लागतं. आमचे हे सांगितलेली दूर्वासुद्धा आणत नाहीत. आणतात ती कोथिंबीर!"

सगळ्या हसल्या. बायको माझ्याकडे बघत होती. आम्हाला तिथे इतकी वर्षं झाली होती, पोरांची लग्नं झाली होती, आणि मी तिला कधी एक गजरा आणून दिलेला नव्हता. मला ते जमत नाही. आणि आता माझ्या नावावर शेंदूर लावलेल्या चौकटी जमा झाल्या होत्या. मी कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि पाणी पीत राहिलो. तांब्यात पाणी नव्हतं.

तेवढ्यात दारात ती मुलगी. धावत आली होती, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. घर तिनं कुणाला तरी विचारत शोधलं होतं. "काकाजी, चौकटीत कोणीतरी…" म्हणता म्हणता तिची नजर परडीवर गेली.

"तूच का ती गवत मोजणारी?" बायको उठली. "ये गं. आपल्याकडची ना तू? बघ ह्यांनी माझ्यासाठी काय राखून ठेवलं होतं." आणि तिनं सगळी हकीकत पुन्हा सांगितली, शेंदरासकट.

मुलगी ऐकत होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी रिकाम्या तांब्यात बघितलं. तिला एक शब्द बोलायचा होता, आणि तिचा हक्कही होता. ती खाली बसली आणि तिनं फक्त विचारलं, "काकू, मुळासकट उपटलं का?"

"मुळासकट?" बायको दुखावली. "पत्री खुडतात गं! वरचं पान घ्यायचं, झाडाला धक्का लावायचा नाही, घ्यायच्या आधी हात जोडायचे. आईनं शिकवलं नाही वाटतं?"

मुलीनं श्वास सोडला. तो मला कोपऱ्यापर्यंत ऐकू आला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "देठं शाबूत असतील तर कोणतं झाड आणि किती, हे ओळखता येईल. उंची गेली, पसारा गेला. पण पाऊस अजून थोडा टिकला तर पुन्हा फुटतील. थंडीच्या आत पुन्हा मोजता येईल. फक्त आता कुणी हात नाही लावायचा, काकाजी. परत झालं तर मग झालंच."

"मी आत्ता सांगतो तिला."

"आज नका सांगू. उद्या उपास आहे त्यांचा."

आणि ती निघून गेली. मुनिरक्याची बस पकडायला, चिखलाच्या पायानं. माझी पोरगी असती तर मी तिला त्या वेळी काहीतरी बोललो असतो. काय, ते मला अजून सुचलेलं नाही.

हरतालिका झाली. बायकोनं पत्रीचं एकेक पान असं वाहिलं, की बघत राहावं. मग दुसऱ्या दिवशी गणपती. सणाच्या दिवशी कशाला म्हणून मी गप्प. तिसऱ्या दिवशी पाहुणे. मला रोज कारण मिळत होतं. आणि मग एका सकाळी ती पदर खोचून खुरपं शोधू लागली.

"खुरपं कशाला?"

"गौरी आणायच्या नाहीत? इथे तेरडा कुठला मिळायला. आघाडाच आणते, मुळासकट. तुमच्या दोरीच्या आत चांगला वाढलाय. पुन्हा फुटवे आलेत, मी काल बघून आले."

मुळासकट! मला लढाईतही कधी असं झालं नव्हतं. मी तिच्या हातातलं खुरपं धरलं.

"त्या दोऱ्या माझ्या नाहीत," मी म्हणालो.

"मग कुणाच्या?"

"त्या पोरीच्या. ती त्यात उगवलेलं मोजते. तो शेंदूर नाही, फाटकाचा रंग आहे. त्या चौकटींना हात लागला तर तिचं वर्ष जातं."

ती बघत राहिली. "म्हणजे आम्ही खुडलं ते…"

"हो."

"आणि ती इथे बसून माझं ऐकून गेली. मी तिला आईनं शिकवलं नाही म्हटलं!"

"हो."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तू खूष होतीस," मी म्हणालो.

एवढं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो असेन. पण त्याचा काही उपयोग झाला नाही. "पोरीचं वर्ष जायची वेळ आली आणि तुम्ही माझं तोंड बघत बसलात?" असं म्हणून ती जे सुरू झाली, ते शेजारच्या सुभेदारानं खिडकी लावून घेईपर्यंत. मी खूष होणाऱ्यांतली नाही, मला काय लहान पोर समजलात, चार बायकांत मला मिरवू दिलंत, सगळं सगळं. मग एकदम थांबली.

"तुमच्या बाजूला आहे का आघाडा?"

"नाही."

"केना?"

"नाही."

"काय आहे?"

"साफ आहे."

"गौरीला काय झाडू आणू?" ती म्हणाली.

गौरी आल्या त्या मुलीच्याच बाजूनं, पण दोऱ्यांपासून लांब, भिंतीकडून. निरोप धाडून तिला बोलावून घेतलं होतं. तिनं हात दाखवून सांगितलं, "इथून घ्या काकू, इथे माझं काही नाही." बायकोनं आधी तिचा हात धरला, बराच वेळ धरून ठेवला. मग बायको म्हणाली, "उभी काय राहिलीस? धर ही परात."

त्या दिवसापासून बनात माझं काही चालेनासं झालं. बायको रोज सकाळी काठी घेऊन हजर. पांढऱ्या बुटांच्या साहेबांना ती मराठीतच ओरडायची आणि त्यांना बरोबर कळायचं. शेळ्यावाल्यानं रस्ता बदलला. मी झाडू घेऊन मुलीच्या बाजूला नुसता बघायला गेलो, तरी म्हणायची, "तो झाडू तिकडे ठेवून या." कॅन्टोन्मेंटच्या बायकांनाही तिनं स्वतःच सांगितलं, दोऱ्या कुणाच्या होत्या ते. त्यांच्यासमोर सांगताना तिला काय वाटलं असेल, ते मला माहीत आहे. तिनं मला त्याबद्दल काही ऐकवलं नाही.

पाऊस त्या वर्षी जरा रेंगाळला. खुडलेली झाडं पुन्हा फुटली, आघाडा तर आधीपेक्षा दाट. दोन चौकटी मात्र उठल्या नाहीत, पार काटेरी कडेच्या होत्या. त्या मुलीनं सोडून दिल्या आणि तिच्या सरांना जे घडलं ते खरं खरं सांगून टाकलं. सर दुसऱ्या मुलखातले. पत्री म्हणजे काय, हे त्यांना समजावता समजावता तिची संध्याकाळ गेली. शेवटी ते म्हणाले म्हणे, की हेही लिही, माणसं जंगलात येतात आणि पानं नेतात, ते काय जंगलाच्या बाहेरचं आहे? मला ते सर बरे वाटले. माझ्या बाजूबद्दल त्यांनी काय म्हटलं, ते तिनं सांगितलं नाही. मीही आग्रह केला नाही.

शेवटची मोजणी थंडी लागता लागता झाली. दिवाळीला ती घरी गेली नव्हती. अमरावतीला फोन करून सांगितलं, की काम अडकलंय. आमच्याकडेच चकल्या खाल्ल्या. मोजणीच्या दिवशी टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं बायकोच्या. बायको प्रत्येक झाडाशी वाकून म्हणायची, "हा बघ, हा राहिला." मुलगी म्हणायची, "धरला काकू, धरला."

शेवटची चौकट संपली तेव्हा ऊन वर आलं होतं. मुलीनं टेप गुंडाळली.

"पास झालीस का?" बायकोनं विचारलं.

"अजून कुठे, काकू! लिहायचं आहे सगळं. पण वर्ष वाचलं."

बायकोनं लुगड्याला चिकटलेलं आघाड्याचं बी काढायचा प्रयत्न केला, नाद सोडला आणि तिथेच, झाडाखाली, पाचोळ्यात बसून डबा उघडला. मुलगी तिच्या शेजारी बसली.

मी म्हटलं, "पलीकडे बाक आहे. निदान जागा तरी झाडून देतो."

"बसा गपचूप," बायको म्हणाली. "भाकरी निवते."

बसलो. पाचोळा खाली मऊ होता, थोडा ओलाही. त्यातून काहीतरी मुंगळ्यासारखं पायावर चढलं. मी ते झटकलं आणि तिनं पुढे केलेली भाकरी घेतली.